एकतीस नंबरची खिडकी

पायाचं हाड मोडून चौदा दिवस झाले होते आणि माझं डोकं त्याच्याही आधीपासून उठलेलं होतं. ऑफिसच्या जिन्यात पडले, तेही शेवटच्या पायरीवरून. चांगली वरून गडगडत आले असते तर निदान चारचौघांत सांगायला तोंड राहिलं असतं. सहा आठवडे प्लास्टर. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलाशी मी, बाजूला स्टूल, स्टुलावर उशी आणि उशीवर तो पांढरा ओंडका. आतल्या खोलीत बाबा. मधलं दार कायम उघडं, कारण मला उठायला तीन मिनिटं लागत होती आणि बाबांना दिसत नव्हतं.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या आणि शेवटी काचबिंदूनंच गाठलं. हा विनोद त्यांचाच. थोडंफार दिसत होतं तोवर ते येईल त्याला तो ऐकवायचे. दोन वर्षांपूर्वी पूर्ण अंधार झाला आणि विनोद बंद पडला. गेल्या चार महिन्यांत तर बोलणंही आटलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचं, चार घास चिवडायचे आणि ताट सरकवायचं. दादा, माझा मोठा भाऊ, रोज सकाळी कामावर जाताना आमचा डबा ठेवून जायचा आणि रविवारी बाबांना धरून वजनकाट्यावर उभं करायचा. काटा त्रेचाळीसवर होता. चाळीसच्या खाली गेले तर दाखल करून नाकात नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी लागलेला माणूस सहसा घरी परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तेही बाबांच्या समोर. बाबा नुसतं 'हं' म्हणाले होते.

माझा धंदा चित्रांची वर्णनं लिहिण्याचा. ज्यांना दिसत नाही त्यांनी एखादी वेबसाइट उघडली की संगणक त्यांना मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. चित्राच्या जागी वाचायला काहीतरी लागतं, ते मी लिहिते. यात दिसतं तेवढंच लिहायचं असतं. बाई दुःखी आहे असं नाही लिहायचं, ओठांची टोकं खाली वळली आहेत असं लिहायचं. लिहून झालं की ते आमच्या संपादिकेकडे जातं. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, फोनवर कायम गोड, आणि एका स्वल्पविरामासाठी तीन मेल पाठवणारी. मनातल्या मनात मी तिला बारकाईबाई म्हणते. तिनं होकार दिला की मजकुराला कुलूप लागतं, मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलत नाही.

त्या महिन्यात आमच्याकडे समकालीन आफ्रिकन कलेचं ऑनलाइन प्रदर्शन आलं होतं. लोकांनी घरबसल्या बघावं म्हणून अठ्ठेचाळीस कलाकृती. आफ्रिका म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुखवटे आणि सिंह उभे राहिले, आणि पहिल्याच दिवशी माझी मलाच लाज वाटली. घानाच्या एका शिल्पकारानं सिमकार्ड काढून घेतल्यावर उरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटी तारेत ओवून भिंतभर पडदा केला होता. केनियाच्या एका पोरीनं आपल्या आजीचे फोटो काढले होते. आजीचा झगा आणि मागचा पडदा एकाच फुलाफुलांच्या कापडाचे, त्यामुळे दोन हात आणि एक खट्याळ चेहरा तेवढे हवेत तरंगताना दिसायचे. एरवी मी खूश झाले असते. पण आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे वैताग. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं, अर्ध्यावर अडकायचं, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात शेजारच्या घरात फरशी फोडायचं काम चाललेलं, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दिवसभर माझे दात त्या यंत्राबरोबर थरथरायचे.

लिहून झालेलं वर्णन संगणकाच्या आवाजात एकदा ऐकायचं असतं, म्हणजे कुठे अडखळतं ते कळतं. सिमकार्डांचा पडदा मी दुपारी लावला, तर आतून बाबांचा आवाज आला, "तार कसली आहे?" चार दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. मी चित्र मोठं करून बघितलं. तांब्याची. तसं सांगितलं. बाबा म्हणाले की तांब्याची म्हणजे वळवायला मऊ, पण एवढा भार पेलणार नाही, आत दुसरी असणार. खरंच आत लोखंडी होती. मी सौदा केला. ताट संपेपर्यंत एकेक चित्र ऐकवेन, घास थांबला की आवाज थांबेल. त्या दुपारी माझ्या बापानं आख्खं ताट रिकामं केलं. मी टेबलाशी बसून डोळे पुसले आणि नाक शिंकरलं, सर्दी झाल्यासारखं.

एकतीस नंबरवर आम्ही आठवड्याभरानं पोचलो. सेनेगलच्या एका चित्रकर्तीचं तैलचित्र, नाव 'दुपारची खोली'. निळ्या भिंती, लोखंडी पलंग, लाल-पांढऱ्या चौकटींची फरशी, एक प्लास्टिकची खुर्ची, कोपऱ्यात उपडं घातलेलं पातेलं. माणूस नाही. जगात कुठेही असेल अशी खोली, फक्त तो निळा रंग वेगळा होता, ओला असल्यासारखा. डावीकडची दोन बोटं रुंद पट्टी काही केल्या उतरत नव्हती. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा तिथे करडा रंग. संध्याकाळपर्यंत तीन वर्णनं पाठवायची होती, शेजारी यंत्र कोकलत होतं आणि प्लास्टरच्या आत जीव खाऊन खाज सुटली होती.

मी लिहिलं तेवढं लावलं. बाबांनी विचारलं की उजेड कुठून येतोय. डावीकडून, मी सांगितलं, फरशीवर लांबट चौकोन पडलाय.

"मग डावीकडे खिडकी आहे," बाबा म्हणाले. "भिंतीतून उजेड येत नाही."

चाळीस वर्षं खिडक्या केलेला माणूस सांगत होता. मी त्याचं वाक्य तसंच टाइप केलं : डाव्या भिंतीत लाकडी खिडकी आहे, दोन झडपा, दोन्ही उघड्या. न बघता. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही, आणि मी तो खाज सुटली म्हणून केला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना दुसरं काही नकोच झालं. ताट समोर आलं की एकतीस लाव. आवाज सुरू व्हायचा, खिडकीच्या वाक्याशी आला की बाबांचा घास तोंडाशी थांबायचा आणि मग ते एकटेच बोलायला लागायचे. डाव्या झडपेची वरची बिजागरी सैल आहे. काच बसवायची पुट्टी नवी आहे, हाताला तेल लागतंय. बाहेर गल्ली आहे, अरुंद. मला वाटलं, म्हाताऱ्याला करमणूक मिळाली, बिघडलं कुठे. रविवारी काटा पंचेचाळीसला पोचला. दादानं काटा ठोकून बघितला, मग स्वतः उभा राहिला, मग पुन्हा बाबांना उभं केलं. काय खाऊ घालतेस, त्यानं विचारलं. चित्रं, मी म्हणाले. तो हसला. मीही हसले, त्या महिन्यात बहुतेक पहिल्यांदाच.

पुढच्या मंगळवारी बाबा म्हणाले की गल्लीपलीकडे एक घर आहे. बुधवारी म्हणाले, त्या घरात एक बाई बसली आहे. ते माझ्याच पद्धतीनं सांगत होते, डावीकडून उजवीकडे, दिसेल तेवढंच. टेबल आहे. टेबलावर संगणकाचा पडदा उजळलेला. बाईचा पाय स्टुलावर आहे, पांढरा. पाठ वाकलेली. पेन्सिल कानामागे.

माझी पेन्सिल कानामागे होती. पण त्यात काय, मी आयुष्यभर पेन्सिल कानामागेच खोचत आले, आणि पायाचं तर त्यांना ठाऊकच होतं. मी स्वतःला असं समजावलं आणि कामाला लागले. पण बोटं चालेनात. शेवटी चिडून मी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि हात वर करून धरली. तोंडातून शब्द काढला नाही. शेजारचं यंत्र असं ओरडत होतं की ताट पडलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

"फूटपट्टी खाली ठेव," बाबा आतून ओरडले. "हात भरून येईल."

 वॉकर धरून मी दारापर्यंत गेले. बाबा नेहमीच्या जागी होते, माझ्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ताट मांडीवर, रिकामं.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर परीक्षा घेतली. आधी कागदावर पाच गोष्टी लिहिल्या, मग त्या त्याच क्रमानं केल्या. चष्मा उलटा घातला. रिकामी वाटी डोक्यावर ठेवली. जीभ बाहेर काढली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. बाबांनी आतून एकेक बरोबर सांगितलं, आणि जिभेच्या वेळी इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाचापैकी पाच. कागद मी फाडला आणि तुकडे टेबलाच्या खणात टाकले.

मग आतून हळू आवाज आला.

"तू म्हातारी झालीस गं. भांग सगळा पांढरा झालाय. मला कुणी बोललंच नाही."

दोन वर्षं मी या माणसाला जेवू घालत होते, आंघोळ घालत होते, आणि त्याच्या मनात मी अजून काळ्या केसांची होते. खरं म्हणजे मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मागे वळून बघितलं तर भिंत, समोर बघितलं तर संगणक आणि त्यात ती निळी खोली. मला कुठून तरी बघितलं जात होतं आणि ते कुठून, हे मला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी केस विंचरून टेबलाशी बसायला लागले. तरी मान अवघडायची, पाठ ताठ व्हायची, साधं नाक खाजवायची चोरी झाली. बाबा मात्र मजेत होते. मला सरळ बैस म्हणायचे, पाणी पी म्हणायचे, कपाळाला आठ्या घालू नकोस म्हणायचे. सकाळी उठल्या उठल्या त्यांची फर्माईश असायची, एकतीस लाव. वजन सेहेचाळीस झालं.

बारकाईबाईचा फोन शुक्रवारी आला. आवाज नेहमीसारखा गोड. तिनं विचारलं की एकतीसमध्ये खिडकी कुठून आली. डावी भिंत कोरी आहे, निळी, एक खिळासुद्धा नाही. आपणच चुकतोय की काय म्हणून तिनं तिघांना दाखवलं होतं, तिघांनाही खिडकी दिसली नव्हती. माझ्याकडे ती पट्टी उतरलीच नव्हती हे मी कबूल केलं.  मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही असं करत नाही कधी." तेवीस वर्षांत मला असं कोणी ऐकवलं नव्हतं. पाचच्या आत दुरुस्त करून द्या, पाचला कुलूप लागेल.

फोन स्पीकरवर होता, हे सगळं बाबांनी ऐकलं होतं. मी फोन ठेवला तेव्हा आत ते पलंगावरून उठून उभे राहिले होते, एक हात पुढे करून.

"ती ओळ राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, तिथं खिडकी नाहीये."

"मग तुझं तोंड मला कशातून दिसतंय?"

 उत्तर नसलं की माझं जे होतं तेच झालं. मी म्हणाले की मला नाही सहन होत, मला बघू नका, दिवसभर कोणीतरी मानेवर बसल्यासारखं वाटतं, वेड लागायची पाळी आली आहे. बरंच काही म्हणाले. एवढ्या वर्षांत बापाशी त्या आवाजात बोलले नव्हते. बाबा ऐकून घेत होते. मी टेबलाशी येऊन ती ओळ काढली आणि तिच्या जागी लिहिलं : डावी भिंत निळी, कोरी आहे.

चार वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलं. चार पन्नासला तिचं उत्तर आलं, आभार, शेवटी एक फूल. कुलूप लागलं.

कुलूप लागल्यावर शेवटचं एकदा ऐकायचं असतं. मी सवयीनं लावलं. आवाजानं पलंग सांगितला, फरशी सांगितली, मग म्हणाला की डावी भिंत निळी, कोरी आहे.

आतून बाबा म्हणाले, "झडप कोणी लावली?"

मी आवाज बंद केला.

"अगं, अंधार झाला. उघड."

त्यानंतर ते बोलले नाहीत.

पहिले दोन दिवस मला वाटलं की रुसले आहेत. ताट तसंच परत येत होतं. एकतीस लावू का विचारलं, सिमकार्डांचा पडदा लावू का, आजीचा फोटो लावू का, काहीच नाही. घास ओठांशी नेला तर तोंड उघडायचे, पण गिळायला विसरायचे. हाक मारली तर मान वळायची, तीही उशिरा, लांबून ऐकू आल्यासारखी. जुनं वर्णन मला तोंडपाठ होतं. ते मी त्यांच्या कानाशी बसून म्हटलं, झडपांसकट, दहा-दहा वेळा. त्यांचे हात मांडीवर पडलेले असायचे, गार. त्या रविवारी काटा चव्वेचाळीसला आला. दादानं काटा पलंगाखाली सारला. पुढच्या रविवारी चाळीस आणि वर थोडं.

मी बारकाईबाईला फोन केला. ती खिडकी परत घाल म्हणून विनवलं, या शब्दांत : विनवते तुला. ती बिचारी गोंधळली. नसलेली खिडकी कशी घालू ताई, लोक आपल्या भरवशावर बघतात. माझंच तत्त्व ती मला शिकवत होती. मी म्हणाले की माझ्या वडिलांसाठी घाल. तिला वाटलं, माझी तब्येत ठीक नाही. सुट्टी घ्या म्हणाली.

सोमवारी प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं झालं. दुपारी तिचा पुन्हा फोन, या वेळी आवाजात गोडवा कमी. एकतीसबद्दल तक्रारी येत होत्या. शेजारी बसून चित्र बघणारे लोक आपल्या अंध माणसाला सांगत होते एक आणि आमचा आवाज सांगत होता दुसरं.

"ताई, तुम्ही माणूसच सोडलात," ती म्हणाली. "आणि माझ्याही नजरेतून कसा सुटला देव जाणे. डावीकडे, भिंतीशी. म्हातारा आहे, पाठमोरा."

शेजारचं काम संपलं होतं. घर इतकं शांत होतं की आतलं बाबांचं श्वास घेणं ऐकू येत होतं. मी चित्र उघडलं. पलंग आला, खुर्ची आली, पातेलं आलं. मग डावीकडची पट्टी, महिन्यात पहिल्यांदा, सावकाश, वरून खाली उतरली.

बनियन खांद्यांवरून ओघळलेलं. मानेवर दोन सुरकुत्या, त्यांच्या मधे तीळ, बाबांना आंघोळ घालताना दिसतो तोच. दोन्ही तळवे भिंतीला टेकलेले.

मी मोठं केलं.

निळ्या रंगावर बारीक ओरखडे होते. एक उभी रेघ, तिच्या डोक्यावरून एक आडवी, मग दुसरी उभी. सरळ, कसबी हाताच्या. खालची आडवी रेघ अर्ध्यावर थांबली होती.

आणखी मोठं केलं. चित्रातल्या म्हाताऱ्याची बोटं भिंतीवर चालत होती तशी रंगवली होती, पण त्यांची नखं मुळाशी कापलेली होती. एका डाव्या करंगळीचंच तेवढं वाढलेलं होतं.

वॉकर न घेता आत गेले. कशी गेले ते माहीत नाही. बाबा पलंगावर बसले होते, हात मांडीत. डावा हात मी हातात घेतला, त्यांनी घेऊ दिला. करंगळीचं नख मुळापासून तुटलं होतं आणि कातडीच्या कडेला निळा रंग बसला होता, अजून ओला.

बाकीची नऊ नखं मी सकाळीच कापली होती. दहाव्याला त्यांनी हात ओढून घेतला होता.